कै. चिंतामणराव देशमुख आणि संशोधक विद्यार्थ्याची शिदोरी

पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्याने महाराष्ट्रास जे कर्ते पुरुष दिले, त्यांत कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आमच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीच्या स्मरणिकांतून त्यांचे छायाचित्र वारंवार छापले जाते. खाली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, भारताचे अर्थमंत्री अशी बिरुदावली असते. वाचक क्षणभर अभिमानाने पाहतो आणि पान उलटतो. ही पदे थोर होतीच, व त्यांचा उल्लेख पुढे येईल. परंतु प्रस्तुत लेखात आम्हांस विशेषेकरून सांगावयाचे आहे ते १९५६ ते १९६१ या पाच वर्षांविषयी, ज्या काळात चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पदवी हाती आल्यावर आणखी शिकावे की घरच्यांच्या इच्छेप्रमाणे लगोलग नोकरी धरावी, या विवंचनेत असलेले तरुण आज आमच्या घराघरांत आहेत. त्यांच्या दृष्टीने ही पाच वर्षे गव्हर्नरपदाहूनही अधिक मोलाची होत, असे आमचे मत आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडनजीक, रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश हे वकिली करीत. मातोश्री भागीरथीबाई. बालपण गेले ते कुंडलिकेच्या काठी वसलेल्या रोहे गावी. घराणे प्रतिष्ठित होते, विद्येचे मोल जाणणारे होते. तथापि त्या काळी कोकणातील सुखवस्तू घरासही मुलगा मुंबईस शिकावयास ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हती, हे आजच्या पिढीस सांगितल्यावाचून कळावयाचे नाही.

रोह्यास आगगाडी आली ती १९८६ साली. तत्पूर्वी पेण आणि रोहे या तालुक्यांतील कित्येकांना मुंबईची वाट पाण्यावरूनच होती. अंबा नदीच्या खाडीवरील धरमतर हे त्या वाटेचे नाके. या बंदराच्या नावातच तर आहे. मुंबईहून निघालेली आगबोट खाडीत शिरून धरमतरच्या धक्क्यास लागे, आणि तेथून पेणकडे, नागोठण्याकडे, पुढे महाडपर्यंत बैलगाड्या व टांगे, कालांतराने मोटारी सुटत. शिकावयास निघालेला मुलगा एक पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि घरच्या तांदळाची पिशवी घेऊन त्या धक्क्यावर भरतीची वाट पाहत बसे. खारेपाटातील भाताच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात रोख पैसा वर्षातून एकदाच दिसे. फी मात्र सहामाहीस, आणि खाणावळ दरमहा. शेत आणि शाळा यांची पंचांगेच निराळी. पुष्कळ हुशार मुलांचे शिक्षण बुद्धी कमी पडल्याने थांबले नाही. ते या दोन पंचांगांचा मेळ न बसल्याने थांबले.

याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आणि आमच्याच ज्ञातीतले आहे. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १८८५ साली पनवेलचा. पुढे ज्यांच्या लेखणीने महाराष्ट्र हालविला, त्या या पुरुषास मॅट्रिकच्या परीक्षेस बसता आले नाही. फीच्या रकमेत दीड रुपया कमी पडला. चिंतामणराव आणि प्रबोधनकार यांच्या वयात अवघे दहा वर्षांचे अंतर. एकाच्या मार्गात दीड रुपयाची भिंत उभी राहिली, दुसऱ्यास शिष्यवृत्तीची शिडी मिळाली. प्रबोधनकारांनी ती भिंत आपल्या बळावर ओलांडली हे खरे. पण जे ओलांडू शकले नाहीत, त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत येत नाहीत.

१९१२ साली चिंतामणराव मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृत विषयाची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली. ज्ञातीचे भूषण असलेले कविवर्य राम गणेश गडकरी यांनी या सोळा वर्षांच्या मुलाच्या गौरवार्थ कविता लिहिली, यावरून त्या यशाचा केवढा गवगवा झाला असेल याची कल्पना येते. नाना शंकरशेट १८६५ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली ही संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे महाराष्ट्रात विद्वत्तेचे एक मापच होऊन बसली. अमुक गृहस्थ शंकरशेट स्कॉलर होते, एवढे म्हटले की त्यांच्या विद्वत्तेविषयी आणखी काही सांगावे लागत नसे. परंतु येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ही शिष्यवृत्ती पहिल्या येणाऱ्यास मिळे, गरजूस नव्हे. ती गुणाचे कौतुक करी, पोटाची सोय करणे हा तिचा हेतू नव्हता. कौतुक आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची गरज असते, पण ज्ञातिसंस्था बहुधा पहिलीवरच समाधान मानतात आणि दुसरीचा विचार सवडीने करतात.

पदवीधराने पुढे अभ्यास करीत राहावा आणि त्याच्या चरितार्थाची तजवीज दुसऱ्या कोणी करावी, ही कल्पना महाराष्ट्रास नवीन नव्हती. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी आरंभलेली व पेशव्यांनी पुढे चालविलेली श्रावणमासातील दक्षिणा ही तिची जुनी आवृत्ती होय. ती मात्र ब्राह्मणांपुरतीच होती. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील तरुण सुधारकांनी अर्ज करून या पैशाचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथरचनेकडे वळवावा व तो कोणत्याही जातीच्या लेखकास खुला असावा, अशी मागणी केली, आणि सनातनी मंडळींनी त्यावर मोठाच गहजब केला. याच निधीतून कालांतराने दक्षिणा फेलो नेमण्याची प्रथा पडली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही आरंभी दक्षिणा फेलो होते. महिन्याकाठी ठरीव वेतन घ्यावे, महाविद्यालयात थोडे शिकवावे, उरलेला वेळ स्वतःच्या अभ्यासास द्यावा, असा तो क्रम होता. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या बुद्धिवैभवाचा बराच भाग या लहानशा मासिक वेतनावर पोसला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

एल्फिन्स्टन कॉलेजातून चिंतामणराव १९१५ साली विलायतेस गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. संस्कृतात पहिला आलेला हा विद्यार्थी तेथे निसर्गशास्त्रांकडे वळला. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली त्याने नॅचरल सायन्सेस ट्रायपॉस पूर्ण केला आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत तर ते पहिलेच आले.

या ठिकाणी त्याच काळातील आणखी एका विद्यार्थ्याचे स्मरण करणे उचित होईल. चिंतामणराव एल्फिन्स्टन कॉलेजात आले, त्याच सुमारास भीमराव रामजी आंबेडकर तेथून बी. ए. होऊन बाहेर पडत होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी असा करार करून घेतला. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अभ्यास सुरू केला, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना तो अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य आणि मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले व राहिलेले पुरे केले. विद्वत्तेस मुदत नसते, शिष्यवृत्तीस असते. ज्याला घरचा आधार आहे त्याला ही मुदत जाणवत नाही. ज्याला नाही त्याची तीन वर्षे ती गिळून टाकते. पुढे १९५० साली हे दोघे एल्फिन्स्टोनियन एकाच केंद्रीय मंत्रिमंडळात, एक कायदामंत्री व एक अर्थमंत्री म्हणून, शेजारी बसले.

आय. सी. एस. झालेल्या चिंतामणरावांच्या मनातही काही काळ चलबिचल होती. लोकमान्य टिळक त्या वेळी लंडनमध्ये होते. नोकरी सोडून देशकार्यात पडावे काय, असे या तरुणाने त्यांना विचारले आणि लोकमान्यांनी, स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारी माणसे लागतील, तोवर अनुभव घ्या, या आशयाचा सल्ला दिला, असे सांगतात. त्यानंतरची वीस वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली. तेथे महसूल व अर्थ या खात्यांचे सचिवपद त्यांनी तरुण वयातच सांभाळले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते एक सचिव म्हणून काम पाहत होते. १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. ब्रेटन वुड्सची १९४४ ची परिषद, युद्धोत्तर चलनव्यवस्था, फाळणीनंतर बँकेच्या मालमत्तेची वाटणी, १ जानेवारी १९४९ रोजी झालेले बँकेचे राष्ट्रीयीकरण या साऱ्या घडामोडींत त्यांचा हात होता. हा सर्व भाग इतरत्र विस्ताराने लिहिला गेला आहे, म्हणून येथे थांबतो.

१९५० च्या जूनमध्ये ते भारताचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे पेण, रोहे आणि धरमतरच्या लोकांनी आपल्या माणसास मत देऊन दिल्लीस धाडले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ मध्ये, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते जानेवारी १९५६ मध्ये, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यानंतर मुंबईचा प्रश्न पेटला. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत जाहीर झाला. गोळीबारात माणसे पडली. हा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली, या कारणांवरून चिंतामणरावांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आरडाओरड करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हिशेबी मनुष्य हिशेब चुकला की वही मिटतो, तसे त्यांनी ते केले. महाराष्ट्राने त्या राजीनाम्यावर मनापासून प्रेम केले.

वय साठ. आय. सी. एस. ची नोकरी, गव्हर्नरी, मंत्रिपद सगळे होऊन गेलेले. असा मनुष्य एखाद्या बड्या कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन सुखाने राहिला असता तर कोणी नाव ठेवले नसते. चिंतामणराव गेले ते विद्यापीठ अनुदान आयोगात.

या आयोगाची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १९४५ साली अलीगढ, बनारस आणि दिल्ली या तीन केंद्रीय विद्यापीठांना पैसा देण्यासाठी एक समिती नेमली गेली. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये विचार करून, सर्व विद्यापीठांकरिता असे एक स्थायी मंडळ असावे अशी शिफारस केली. तदनुसार २८ डिसेंबर १९५३ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते आयोगाचे उद्घाटन झाले. शास्त्रज्ञ डॉ. शांतिस्वरूप भटनागर हे पहिले अध्यक्ष. परंतु १ जानेवारी १९५५ रोजी ते अकस्मात निवर्तले. संसदेने १९५६ मध्ये कायदा करून आयोगास वैधानिक अधिकार दिले आणि त्याच वर्षी चिंतामणराव अध्यक्ष झाले. शास्त्रज्ञाने ज्याचा पाया घातला, त्या घरावर तुळया चढविण्याचे काम अर्थतज्ज्ञाकडे आले. हा अर्थतज्ज्ञ केंब्रिजचा वनस्पतिशास्त्रज्ञही होता, हे विसरता कामा नये. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर काय होते, हे त्यांना कागद वाचून समजून घ्यावे लागत नसे.

देशात त्या वेळी विद्यापीठे असतील तीस-पस्तीस. आज त्यांची संख्या हजारावर गेली आहे. तेव्हाची विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेण्याची यंत्रे होती. अध्यापकांचे पगार अपुरे, ग्रंथालये दुबळी, वसतिगृहे मोजकी. आयोगाने या सर्वांस हात घातला. पगारश्रेणी सुधारण्यास अनुदान दिले, ग्रंथ व उपकरणांना दिले, वसतिगृहांना दिले. तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाची घडी या काळात बसू लागली. अनुदानाची रीत बहुधा अशी असे की, खर्चाचा काही वाटा आयोगाने द्यावा व उरलेला विद्यापीठाने किंवा राज्य सरकारने घालावा. ही रीत हिशेबाच्या दृष्टीने निर्दोष होती. पण ज्या राज्याच्या तिजोरीत स्वतःचा वाटा घालण्याइतकेही नव्हते, तेथील विद्यापीठ मंजूर झालेल्या रकमेकडे नुसते पाहत राही. आम्ही चिंतामणरावांचे चाहते असलो तरी ही उणीव नमूद केली पाहिजे. अर्थव्यवहारात वर्षानुवर्षे घालविलेल्या माणसाचा हात सैल नव्हता.

संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र आयोगाची मदत अशा वाट्यात अडकण्याचे कारण नव्हते. विज्ञान आणि मानव्यविद्या या दोन्ही बाजूंच्या संशोधकांना शिष्यवृत्त्या व अधिछात्रवृत्त्या देण्याचे कार्य आयोगाने या वर्षांत हाती घेतले व वाढविले. आज ज्याला फेलोशिप म्हणतात, ज्याला शासकीय मराठीत अधिछात्रवृत्ती असे भारदस्त नाव आहे, तिचे स्वरूप आमच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना अद्याप नीट ठाऊक नाही. फी माफ होणे म्हणजे ती नव्हे. बक्षीस नव्हे आणि कर्जही नव्हे. पदव्युत्तर परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेल्या तरुणास मार्गदर्शकाच्या हाताखाली एखाद्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी काही वर्षे दरमहा ठरावीक रक्कम द्यावयाची, शिवाय पुस्तके, रसायने, प्रवास यांसाठी वेगळा वार्षिक खर्च द्यावयाचा, आणि बदल्यात वेळोवेळी प्रगतीचा अहवाल व शेवटी प्रबंध घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. विद्यार्थ्याने त्या काळात दुसरी नोकरी करू नये, अशी अट असते. ती अट जाच वाटते खरी, पण तिच्या मागे एक सन्मान आहे. या मुलाचा पूर्ण वेळ विद्येचा आहे व त्याची किंमत समाज देत आहे, असे ती अट सांगते.

अर्थखात्याच्या नजरेने पाहिले तर याहून वाईट खर्च दुसरा नाही. धरण बांधले तर पाणी दिसते, कारखाना काढला तर धूर तरी दिसतो. संशोधकास पाच वर्षे पोसून हाती येतो तो एक बांधलेला प्रबंध, आणि कधी कधी तोही येत नाही. दहातून सात प्रबंध कपाटात पडून राहणार हे देणाऱ्यास आधीच माहीत असते. कोणते तीन फळ धरतील, हे मात्र माहीत नसते. ज्यांनी देशाचे अंदाजपत्रक सहा वर्षे मांडले त्यांना हे काय ठाऊक नव्हते? तरीही त्यांनी या खर्चाची बाजू घेतली. चिंतामणरावांना बागकामाचे अतोनात वेड होते. बी पेरणारा सगळ्या बियांस पाणी घालतो. आम्हांस त्यांच्या अर्थशास्त्रापेक्षा त्यांच्या वनस्पतिशास्त्रात याचे उत्तर सापडते.

१९५९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९६१ मध्ये आयोगाची सूत्रे डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या हाती देऊन ते मोकळे झाले, आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होऊन आले. म्हणजे पूर्वी जे अनुदान देत, तेच आता मागणाऱ्याच्या खुर्चीत बसले. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची शाळा उघडली. नोकरी सोडता न येणाऱ्या, गाव सोडता न येणाऱ्या विद्यार्थ्यास घरबसल्या पदवीपर्यंत नेणारा हा प्रयोग देशात पुढे सर्वत्र अनुसरला गेला. १९६७ पर्यंत ते कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या स्थापनेतही त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांच्या संसाराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. प्रथम पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारल्या. त्यांच्यापासून प्रिमरोझ ही कन्या. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दुर्गाबाई या आंध्रच्या, बालविवाहाचे बंधन स्वतः तोडलेल्या, सत्याग्रहात तुरुंगवास भोगून मग मॅट्रिक, एम. ए. आणि कायद्याची पदवी घेतलेल्या, घटनासमितीच्या सभासद. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी थोड्या अवधीत परीक्षेस बसविणारे संक्षिप्त अभ्यासक्रम त्यांच्या प्रेरणेने समाजकल्याण मंडळाने सुरू केले. पती विद्यापीठाच्या शिखराकडे पाहत होता आणि पत्नी ज्यांची पहिली पायरीच निसटली त्यांच्याकडे. अशी जोडी विरळा.

आयोगाच्या अधिछात्रवृत्तीचे पुढे काय झाले, हे आमच्या तरुण वाचकांच्या सोयीसाठी सांगतो. १९८४ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी देशव्यापी पात्रता परीक्षा घेतली जाऊ लागली. तीच आज नेट या नावाने सर्वश्रुत आहे. ही परीक्षा साधारणतः वर्षातून दोन वेळा होते. पहिली दोन वर्षे कनिष्ठ, त्यानंतर प्रगती समाधानकारक असल्यास ज्येष्ठ, अशी मिळून पाच वर्षांपर्यंत ही वृत्ती चालते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ वृत्तीचा दर मासिक ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ वृत्तीचा ४२,००० रुपये करण्यात आला. घरभाडे व आकस्मिक खर्च निराळा. याखेरीज महाराष्ट्र शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. रोह्याच्या किंवा पेणच्या एखाद्या घरात एम. एस्सी. झालेल्या मुलीला आता पुरे झाले असे सांगितले जात असेल, तर तिच्या वडिलांनी वरील आकडे एकवार वाचावेत. पुष्कळ पहिल्या नोकऱ्यांत इतका पगार मिळत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती आम्ही लपवू इच्छीत नाही. मंजूर झालेली वृत्ती विद्यार्थ्याच्या खात्यात दरमहा वेळेवर जमा होतेच असे नाही. कागद या मेजावरून त्या मेजावर जाताना कधी दोन, कधी चार महिने निघून जातात, आणि मग सारी थकबाकी एकदम येते. मधल्या काळात परगावी राहणाऱ्या मुलाचे खोलीचे भाडे थांबत नाही. प्रबोधनकारांचा दीड रुपया तो हाच, केवळ आकडा बदलला आहे. ज्ञातिसंस्थांचे विद्यार्थी निधी आज बहुतांशी गुणगौरव समारंभ, शाल-श्रीफळ आणि दहावी-बारावीची बक्षिसे यांत खर्ची पडतात. त्यांतील थोडा भाग बाजूस काढून, वृत्ती मंजूर झालेल्या परंतु पैसे न पोहोचलेल्या संशोधकास बिनव्याजी उचल द्यावी आणि थकबाकी आल्यावर ती परत घ्यावी, अशी योजना सहज करता येईल. निधी बुडण्याची भीती यात अत्यल्प, कारण येणे सरकारकडून आहे. ही सूचना आम्ही मंडळाच्या चालकांपुढे विचारार्थ ठेवतो. ही मदत ज्ञातीपुरतीच असावी की रोहे-पेणच्या कोणाही मुलास खुली असावी, यावर मतभेद होतील. १८४९ मध्येही झाले होते.

निवृत्तीनंतर चिंतामणराव आपल्या पहिल्या प्रेमाकडे, संस्कृताकडे परतले, असे म्हणावे तर ते खरे नाही, कारण त्यांनी ते कधी सोडलेच नव्हते. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या धकाधकीच्या काळातच केला. पुढे संस्कृत काव्यरचना केली, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. १९६९ साली स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले व तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या पराभवाचे आम्हांस फारसे दुःख नाही. तो त्यांचा प्रांतच नव्हता. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ साली चिंतामणराव आणि दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण मिळाले.

अखेरची वर्षे हैदराबादेस गेली. तेथील प्रशासकीय अधिकारी महाविद्यालयाचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई निवर्तल्या. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी चिंतामणरावांचे देहावसान झाले. रिझर्व्ह बँकेने १९८४ पासून त्यांच्या नावे व्याख्यानमाला सुरू केली. ठाणे महापालिकेने १९८७ साली स्पर्धापरीक्षांस बसणाऱ्या तरुणांसाठी चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था काढली. रोह्याहून सुटणारी गाडी दिव्यास थांबते, आणि तेथून ठाणे जवळच आहे.